खोली बी-एकशे चौदासाठी टीप

बसा. इलियास, पंखा जरा कमी कर, कुपनं उडतील.
सहा रेसा, सहा रकाने, फुकट.
पैशांची पैज इथे गुन्हा आहे, ते बरंच आहे.
आपली पैज वेगळी :
आठवडाभराची भांडी,
खालचा पलंग,
एसीच्या तोंडासमोरची जागा.

सोनापूर म्हटलं की मुंबईत लोक आवाज खाली आणतात,
तिथे मसण आहे या नावाचं.
दुबईतल्या सोनापुरात आपण दर शुक्रवारी बिर्याणी करतो.
तेव्हा नशिबाच्या गोष्टी मला सांगू नका.

तुम्ही मला विचारता,
कारण मी रेसकोर्सवर गवताला पाणी घालतो.
जसं काही घोडे रात्री येतात
आणि माझ्या कानात निकाल सांगून जातात.

तरी ऐका.
नावावर जाऊ नका.
चंद्रसेनने गेल्या वर्षी 'सदफ'वर खूण केली,
सदफ म्हणजे शिंपला, आणि बायको मालवणची, म्हणून.
तो घोडा अजून येतोय.

गोल फिरवतात तेव्हा घाम बघा.
मानेवरचा चालतो.
मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस दिसला
तर तो आपली रेस पळून मोकळा झालाय,
उभ्या उभ्या, मनातल्या मनात.
(आपल्यातही असतात असे,
व्हिसा यायच्या आधीच दमलेले.)

गुलशेर मोतद्दार म्हणतो,
ज्याने सकाळचं घमेलं चाटून पुसून ठेवलं, त्याच्यावर बोट ठेव.
स्वतःच्या घोड्यावर मात्र तो कधीच खूण करत नाही.
का, विचारलं तर म्हणाला, नजर लागते.
कोणाची?
माझीच.

आणि परतीच्या बसचे पैसे मोज्यात ठेवा.
हे शिकलो श्रीपतीमामाकडून.
पुण्याच्या रेसला तो सायकलवर जायचा
आणि चालत यायचा.
मामी दारात काही बोलायची नाही,
वाकून त्याच्या पँटच्या घोट्याची क्लिप तेवढी काढून घ्यायची.
पाच क्लिपा होत्या त्या घरात.
सायकल एकही नाही.

आता खरं सांगतो.
काल रात्री अडीचला,
शेवटच्या वळणावर, आतल्या कठड्यालगत,
सात नंबरचा फवारा फुटलेला सापडला.
वरून गवत हिरवंगार,
खाली घोटाभर लगदा.
आतून येणारा प्रत्येक घोडा तिथे रुतणार,
हे अख्ख्या दुबईत एकट्या मला माहीत.
सहाही रकाने आपोआप भरत गेले :
बाहेरून येणारा, बाहेरून येणारा, बाहेरून येणारा.
मामा असता तर घर विकून आला असता या टीपेसाठी.

उकिडवा बसलो.
बॅटरी पायाशी ठेवली.
घोड्याचा पाय खाली माझ्या मनगटाहून फार जाड नसतो,
आणि वर पाचशे किलो.
त्यावर पुन्हा एक पोरगा, रंगीत सदऱ्यातला,
कोणाचा तरी.

किती वेळ बसलो ते विचारू नका.
लगेच उठलो नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग पाना काढला. फवारा बदलला.
लगदा उपसला, अकरा घमेली वाळू ओतली,
दाबली, वर गवताचे तुकडे बसवले.
मुकादमाला फोन लावला, त्याने टाचेने तपासलं.
फजरची बांग झाली तेव्हा
टीप जमिनीत जिरून गेली होती.

म्हणून आज माझ्याजवळ तुमच्याहून जास्त काही नाही.
हे माझं कुपन. डोळे मिटून भरलंय.
भांडी बहुतेक माझ्याकडेच येणार.

फक्त पाचव्या रेसला, टीव्हीवर,
शेवटचं वळण आलं की ओरडू नका.
ते तिथून जातील आणि काहीच होणार नाही.
कोण पुढे, कोण मागे, सोडा.
मोजा तेवढं.
चौदा घोडे.
छप्पन्न खूर.