वळलेलं माप

कुमुदताई रेडकर, पोस्टातून निवृत्त होऊन चार महिने,
दुपारी तीनला दुकानात आल्या,
वेंगुर्ल्यात जेव्हा मांजरंसुद्धा झोपलेली असतात.
"शालन, माका एक पँट शिवून दी. आणि शर्ट.
गोल्फ खेळूक."

मशीनवरचा माझा पाय तसाच राहिला.

वर सड्यावर, जिथे गुरं चरायची,
हॉटेलवाल्यांनी नऊ भोकांचं मैदान केलंय, ऐकून होते.
गावातल्यांना बुधवारी फुकट, तेही ऐकून होते.
पण कुमुदताई?
"शिक्के मारून मारून खांदे आखाडले," म्हणाल्या,
"आता कायतरी लांब मारूचा आसा."

हॉटेलच्या दुकानातला स्कर्ट दाखवला मोबाईलवर.
पांढरा, आखूड, खिसा एकच,
आणि तोही शोभेचा, बोट घातलं तर नख अडेल.
किंमत वाचून आम्ही दोघी हसलो.
मग मी टेप काढला.

माप उभ्या माणसाचं घेतात. बाबांनी तसंच शिकवलं:
हात सैल, नजर समोर.
छाती अडतीस, कंबर छत्तीस.
"आणि आता?" म्हणत त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली,
दोन्ही हातांनी धरली, कमरेतून वळल्या,
आणि डाव्या खांद्यामागे ब्लाउज उसवला.
टर्र.

मग पाठ पुन्हा मोजली, वळलेली.
दोन इंच जास्त भरली.

रात्री बाबांची वही काढली. जुनी गिऱ्हाइकं.
ग्यानू पाडेली, माडावर चढायचा:
बगलेत चौकोनी तुकडा, तिरपा,
हात वर गेला तरी सदरा कमरेवरून उठत नाही.
बस्त्याव, पाग टाकायचा:
खांद्याखाली पाठीला दोन चुण्या.
बाबांना गोल्फ ठाऊक नव्हता,
पण वळणारी माणसं त्यांनी खूप शिवली होती.

कापडाला मात्र मी हट्ट धरला.
टेरिकॉट नको, चारच्या उन्हात ते अंगाशी भांडतं.
जाड खादी खारा वारा पिऊन जड होते, वाळता वाळत नाही.
पांढरं तर नकोच नको, जांभ्याची धूळ
कुठल्याच साबणाला दाद देत नाही.
आणि दिवाळीनंतर सड्यावर कुसळं.
लव असलेलं काही घातलंत
तर खेळ तासाभराचा, वेचणं रात्रभर.
गुळगुळीत पॉपलिन घ्या, सुपारीच्या रंगाचं.
"ओली सुपारी की सुकी?"
सुकी.

खिसे त्यांनी सांगितले.
उजवीकडे दोन चेंडू. डावीकडे चष्मा.
मागे बटणाचा, एसटीच्या पैशांना.
"आणि एक आतून, सोलांच्या पुडयेक."
ती कशाला?
"तोंडात टाकूक. सड्यार दुकान खंय आसा?"

कमरेला किल्ल्या खोचून तीस वर्षं काढलेल्या बाईने
दोन्ही हात खिशांत घातले
आणि आरशासमोर, काही न बोलता,
जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पायातलं मला कळत नाही. त्यांनी मुलाचे
जुने कॅनव्हासचे बूट घेतले, पुढे कापूस कोंबून.
टोपी रुंद काठाची. तिला नाडी मी लावली,
वर वारा काही ठेवत नाही.

बुधवारी मी गेले नाही, लग्नाचे ब्लाउज होते.
कानावर आलं ते असं:
पहिले तीन फटके नुसते वाऱ्याला,
चौथा करवंदीच्या जाळीत,
पाचवा, पोरं म्हणतात, गेला.

शुक्रवारी पँट परत आली.
वाकलं की गुडघ्यात ओढते.
खरं होतं. वाकल्याचं माप राहूनच गेलं होतं.
उलटी केली तर दुमडीत एक कुसळ,
आणि उजव्या खिशातून चेंडू निसटला,
टप्पे खात मशीनखाली गेला.
काढायला हात घातला, खांद्यापर्यंत,
अजून थोडा,
आणि थांबले.
माझ्याच ब्लाउजच्या बगलेत
तुकडा लावलेला नाही.