अर्धा गुण

तिसऱ्या गेटाला फाटक पडलं
की दोन्हीकडच्या मोटरसायकली गुरगुरत थांबायच्या,
तेवढ्या वेळात भरमाण्णा सांबरेकर
मला रग्बी शिकवायचा.
निवृत्त हवालदार. डावा कान चुरगळलेला.
"तालमीतला नव्हं गा, स्क्रममधला.
आठ आठ गडी डोकी घालून रेटत्यात,
कान मधी सापडतंय."

चेंडू म्हणजे पिशवीतला सोललेला नारळ.
"पळायचं पुढं, खरं फेकायचा मागं.
पलीकडच्या रेषेमागं टेकवलास की पाच,
वर खांबांमधनं मारलास की आणि दोन.
दंडाची लाथ तीन.
आता सांग, सात म्हणजे काय?"
सात म्हणजे एक पुरी चाल, मी म्हणालो.
उद्यमबागेत लेथवर शतांश मिलिमीटर मोजतो मी,
आकड्यांना भीत नाही.

म्हणूनच एक दिवस हळूच विचारलं पैशाचं.
बसलिंगनं माझ्या फोनवर काहीतरी उतरवून दिलेलं,
त्यात हिरवे आकडे लुकलुकत होते.

भरमाण्णा रागावला नाही.
बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहीत गेला.
"थोरल्या संघावर शंभर लाव, एकशेवीस परत.
धाकट्यावर लाव, चारशे तीस.
एकशेवीसात कुणाला गोडी?
म्हणून थोरल्याच्या खांद्यावर ओझं देत्यात,
वजा साडेसात.
आठानं जिंकला तर जिंकला.
सातानं जिंकला तर मैदानात जिंकला,
तुझ्या खिशात हरला."
साडे कशाला?
"बरोबरी नको म्हणून.
अर्धा गुण आजवर कुणी मारलेला नाही बघ.
तो वहीतच जन्मतो, वहीतच मरतो."

रेषेचं नवल आम्हाला नसावं.
निपाणीकडं मावशीचं घर एका राज्यात,
विहीर दुसऱ्या.
पाणी शेंदताना ती कधी विचार करत नाही.
तरी त्या साडेसाताकडं मी बघत राहिलो.

मग त्यानं चहाचे दोन ग्लास समोर ठेवले.
"दोन्ही बाजूंना शंभर शंभर आले,
जिंकणाऱ्याला एकशेनव्वद गेले.
उरलेले दहा कुणाचे?"
टपरीवाला हसला. त्याला आधीच कळलं होतं.

शनिवारी रात्री मी पाचशे लावले.
थोरल्यावर, वजा साडेसात.
तिकडं कुठंतरी पाऊस होता, चेंडू निसटत होता,
शेवटच्या मिनिटाला सव्वीस-बारा.
मी बायकोला उठवायला निघालो होतो.
तेवढ्यात हरलेल्यांनी, भोंगा वाजल्यावर,
आता कशाला, कुणासाठी,
चिखलातनं घसरत एकदा टेकवला.
वर लाथही बसली.
सव्वीस-एकोणीस.
जिंकलेले नाचत होते, हरलेले मिठ्या मारत होते,
मैदानावर कुणालाच काही कमी पडलं नव्हतं.
अर्धा गुण कमी पडला तो अनगोळात,
माझ्या स्वयंपाकघरात, दिवा न लावता.

सोमवारी भरमाण्णा खुशीत.
"त्या बुटक्याचा पास बघितलास?
पडता पडता, मागं न बघता?
माणूस तिथं असणार हे ठाऊक असल्यागत?"
मी बघितला नव्हता.
ऐंशी मिनिटं मी कोपऱ्यातले आकडे बघत होतो.

तुम्ही कधी लावलात? मी विचारलं.
त्याचा हात कानाकडं गेला.
"एकदा. आपल्याच कंपनीवर, रमच्या चार बाटल्या.
रेषा दोन पावलांवर, चेंडू माझ्या हातात,
आणि मी बाटल्या मोजत होतो."
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
नारळ तेवढा या हातातनं त्या हातात केला.

गाडी गेली. फाटक वर चाललं.
गर्दीत घुसताना त्यानं वळून न बघता
नारळ मागं फेकला.
माझा एक हात खिशात होता, फोनवर.
दुसरा कसाबसा पोचला.