टपाच्या मधली पट्टी

देवास नाक्यापाशी आमचं दुकान, शटर अर्धं खाली.
आत दोन ट्यूब, हातातला एक दिवा
आणि पिंगळे साहेबांची काळी गाडी,
कडांना निळी टेप लावलेली,
ऑपरेशनला न्यायच्या आधी माणूस दिसतो तशी.

लांबून चकचकीत. दिवा जवळ नेला
की बॉनेटभर कोळ्याची जाळी,
केसाहून बारीक रेघा, सगळ्या गोल.
दिवा सरकेल तिकडे जाळ्याचा मध्य सरकतो.

"हे कुणी केलं?" साहेब स्टुलावरून उठले.
वीज मंडळातून निवृत्त. उंची पाच फूट एक.
उजवा खांदा वर्षभर आखडलेला.
"अकरा वर्षं रोज पहाटे मी स्वतः पुसली आहे,
जुन्या बनियनच्या ओल्या फडक्यानं.
जावयालासुद्धा हात लावू दिला नाही."

मी म्हणालो, धूळ असते साहेब.
"इंदूरात धूळ?" ते दुखावलेच.
"देशात पहिला नंबर आहे आपला."
फैजान तोंड फिरवून पॅड शोधायला लागला.
मग देवासची असेल, मी म्हणालो,
वाऱ्याबरोबर येते.
हे त्यांना पटलं.

मशीनच्या दोन चाली.
स्वतःभोवती फिरायचं, आणि फिरता फिरता
थोडं डळमळायचं, लग्नात नाचणाऱ्या काकांसारखं.
चकतीच्या कडेला मी मार्करनं रेघ मारून ठेवतो.
रेघ फिरते आहे तोवर काम चालू.
जोर दिला की ती जागच्या जागी थरथरते.
आवाज होतो, मनगट दुखतं,
पत्रा नुसता तापत राहतो,
पुसलं काहीच जात नाही.
फैजानला हे अजून मान्य नाही.
त्याच्या मते डाग मोठा तर दाब मोठा.

कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके,
नारिंगी पॅड, आधी आडवं, मग उभं,
हात इतका सावकाश
की बॉनेटवर मुंगी असती तर पुढे निघून गेली असती.

माझे वडील मोझॅकच्या फरश्या घासायचे,
रामबागेत, स्नेहलतागंजात, कुठे कुठे.
साठ नंबरचा दगड, मग एकशेवीस, मग तीनशेवीस,
घोट्यापर्यंत दुधट चिखल.
म्हणायचे, चमक बाहेरून आणून लावत नाहीत रे.
एक ओरखडा त्याहून बारीक ओरखड्यानं खोडायचा,
तो आणखी बारकानं.
शेवटी बघणाऱ्याचा डोळा थकतो,
त्याला लोक आरसा म्हणतात.

काळ्या गाडीचाही काळा रंग निघत नाही.
पॅड धुतला, तर पाणी दुधटच.
मीटर आधी एकशे एकवीस दाखवत होतं,
आता एकशे अठरा.
मधल्या तिनात किती पहाटा होत्या
ते काही त्याला दाखवता येत नाही.

टपावर आलो तेव्हा रात्रीचे अकरा.
दोन्ही बाजूंनी वर्तुळं आत येतात
आणि एका ठिकाणी थांबतात.
मध्ये वीतभर पट्टी, कारखान्यातून निघाली तशी.
टाचा उंचावून, बोटं ताणून
जिथवर फडकं पोचलं, तिथवर गाडी खरचटलेली.
पुढची तेवढी वाचली.
तिथं मला काही काम नव्हतं.
"भिया," फैजान म्हणाला, "पैसे तर आपण पूर्ण टपाचे घेतले."
मी दिवा बंद केला.

सकाळी साहेब आले, हातात पोह्यांची पुडी, आमच्यासाठी.
दहाला जावई येणार, गाडी उज्जैनला जाणार.
उन्हात उभी केली. वाकून बघत राहिले.
बॉनेटमध्ये त्यांचं कपाळ, मागे विजेच्या तारा,
तारांवर बसलेला एक कबुतर,
सगळं उलटं आणि स्वच्छ.
मग खिशातून रुमाल निघाला, कोरडा, सवयीनं.
मी "साहेब" एवढं म्हणालो.

उजवा हात उठत नाही त्यांचा.
डाव्यानं पुसत होते,
उलट्या दिशेनं.
मी पुडी सोडली
आणि पोह्यांवर जीरावन घातलं.