क्षारपड

टेंपोतून इंजिन उतरवताना
अक्काताई मगदूम म्हणाल्या, "फिटर, एवढंच ऱ्हायलंय बघा.
पाच हॉर्सपॉवर. भंगारवाला किलोवर मागत होता."
उद्यमनगरात चाळीस वर्षं काढलीत मी,
इंजिन बघून सांगतो कुणाच्या हातचं आहे.
हे बघितलं आणि चहा सांगितला.

त्यांची वाडी शिरोळच्या पुढं,
ऑगस्टात नदी वळण विसरते आणि वाडीचं बेट होतं.
पाणी गेलं की मीठ.
वावरात पांढरं फुटतं,
कुणाच्या हातून रांगोळीचा डबा सुटल्यागत.
ऊस आधी पिवळा पडला, मग बुटका,
मग नुसता सातबाऱ्यावर उरला.

तांडेलांची मुग्धा आचऱ्याहून लग्न होऊन आली
आणि पहिल्याच आठवड्यात चरीतलं पाणी बोटानं चाखलं.
सासू ओरडली.
ती म्हणाली, "आमच्या खाडयेचीच चव आसा."
दिवाळीला माहेरी गेली, येताना
ओल्या गोणपाटात समुद्राचं शेवाळ.
गगनबावड्याच्या घाटात कंडक्टर म्हणाला, काय वास मारतंय?
बियाणं, म्हणाली,
आणि त्याचं अर्धं तिकीट भरलं.

पहिलं साल सडलं.
दुसऱ्या साली पावसानं तळं गोडं केलं, त्यात मेलं.
तिसऱ्या साली बायकांनी बांध उंच घातले,
ठिबकच्या फाटक्या नळ्या आडव्या ताणून
एकेक जुडी गाठ मारून बांधली,
गजरा बांधावा तशी, पण शिव्या देत.
आता एकोणचाळीस तळी आहेत.
तपकिरी, लाल,
आणि एक हिरवंगार, ते का हिरवं कुणालाच ठाऊक नाही.

कुजवलं की गॅस होतो. गॅसवर चुली चालतात.
नाव चालवायची होती, म्हणून माझ्याकडं आल्या.

मी आधी नाहीच म्हणालो.
कारखान्याचं स्पिरिट माहीत होतं मला, इथेनॉल माहीत होतं,
त्याला ऊस लागतो,
उसाला गोडं पाणी, आणि गोड्या पाण्याला
कुणीतरी नदीतून उचलणारं.
हे आमच्या हाडातलं गणित.
शेवाळावर इंजिन? गंधकानं बेअरिंग खाऊन टाकील.

खाल्लंच. दोनदा.
मग लेथखालचा गंजका कीस पाइपात ठासून भरला,
गॅस त्यातून गाळून घेतला. गंधक लोखंडाला चिकटलं.
हेडात भोक पाडून प्लग बसवला.
सहा महिने गेले, बायको म्हणाली,
बिल कुणाच्या नावानं करणार हाय?

रॉकेलचं फडकं ब्लॉकवर फिरवताना
रंगाखाली नंबर लागला, आणि नंबराच्या शेवटी
पंचानं मारलेली बारकी चांदणी.
आमचा म्हातारा मारायचा तशी. कंपनीला कळू न देता,
आपण ओतलेल्या प्रत्येक ब्लॉकवर.
हे इंजिन वीस-बावीस वर्षं
नदी उचलून त्यांच्याच रानात ओतत होतं,
रात्रंदिवस,
उसानं नको म्हटलं तरी.
खालचं मीठ वर यायला
एवढं पुरे होतं.

मी फडकं पिळलं. परत लावलं.

यंदाच्या ऑगस्टात वाडीचं बेट झालं,
तेव्हा नावेत बावीस किटल्या दूध होतं,
हसीना मुल्लाणीची शिलाई मशीन,
आणि कुणाचं तरी एक रडणारं करडू.
दोरी ओढली. खोकलं. परत ओढली.
तिसऱ्या झटक्याला धरलं,
आणि धुराला असा सुकटीचा वास
की अक्काताईंनी नाकाला पदर लावला,
"अरं देवा, आमच्या चुलीला बाटवलंस की गं पोरी,"
आणि हसून हसून किटलीवरच बसल्या.

मुग्धा ब्लॉकवर वाकली होती.
"काका, ही चांदणी कसली?"

डाग असतोय तो, म्हणालो. ओतकामाचा.
हात तसाच ठेवला त्याच्यावर,
चटका बसेपर्यंत.