फेरीबोटीवर चढा

चौदा वर्षं. दोन लाख शहाण्णव हजार किलोमीटर.
तेल गळत नाही असं म्हणवत नाही;
गॅरेजच्या फरशीवर तिनं स्वतःचा समुद्र काढलाय,
दर हिवाळ्यात एखादं बेट वाढतं.

चार दारं, सहा सिलिंडर, तीनशे चाळीस घोडे
आणि आमच्या फ्योर्डकाठी वेगमर्यादा साठची.
घोडे बिचारे उभ्याउभ्या तबेल्यात पाय आपटतात.
फक्त बोगद्यात, मागे कोणी नसेल तर,
काच खाली, गिअर तिसरा,
आणि काळ्या खडकातून तिचा आवाज
उलटा माझ्याच अंगावर येतो.
तीस वर्षं मी मोल्देच्या इस्पितळात लोकांना भूल दिली.
माझी ही भूल कोणी उतरवली नाही.

क्लच दोनदा बदलला.
मागची स्प्रिंग थंडीत तुटली, बंदूक उडाल्यासारखी.
चालकाच्या सीटची कड माझ्या चढण्या-उतरण्यानं झिजली,
त्या झिजेखाली आधीच्या माणसाची झीज आहे.
ओड्वार ब्रेमनेस, ट्रॉलरवरचा इंजिनिअर.
दोन किल्ल्या दिल्या, बर्फाचे चार खिळेदार टायर,
आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला,
“मंद आहे. लबाड नाही.”

नकाशाची तबकडी डिकीत, डाव्या कप्प्यात.
तिच्यात जग २००६ च्या शरदात थांबलंय.
नव्या चौकात बाण बटाट्याच्या शेतात चाचपडतो,
नव्या पुलावर आम्ही दोघी निळ्या पाण्यावरून चालत जातो,
आणि ती बाई, बुडता बुडता, अदबीनं म्हणते
शक्य असेल तर मागे वळा.

भाचा आयविन म्हणतो, मावशी, फोन चिकटव समोर,
मोडीत काढ हे म्युझियम.
चिकटवला. फोनला सगळं माहीत.
कॅमेरा कुठे, दरड कुठे, चार्जर कुठे (तो मला कशाला?).
पण ‘घर’ दाबलं की तो मला माझ्याच घरी नेतो.
तिथे तर मी रोजच जाते.

गाडीतलं ‘घर’ अजून ओड्वारचं आहे.
पहिल्या आठवड्यात पुसायचं राहून गेलं.
नंतर वाटलं, कोणाच्या दारावरची पाटी
आपण का उचकटायची?

फेब्रुवारीत नोकरीतली शेवटची पाळी संपली.
उरलेला केक, ट्यूलिप मागे, पट्टा लावून बसवलेले.
साडेतीन वाजले होते. मी ‘घर’ दाबलं.

एक्केचाळीस किलोमीटर ती एकदाही अडखळली नाही.
होल्मवोगचा धक्का. साखळी. बंद टपरी,
काचेवर स्वेलेचा भाव अजून जुनाच.
फेरीबोटीवर चढा, बाई म्हणाली.
समोर नुसतं पाणी.
बोट बंद होऊन सहा वर्षं झाली, आता समुद्राखालून बोगदा आहे.

कॉड मासे धरत बसलेला एक म्हातारा वळला.
यूस्टाइन, पूर्वी ह्याच बोटीवर तिकिटं फाडायचा.
“यंदाच्या तुम्ही चौथ्या,” म्हणाला.
“दोन जर्मन आले, एक पावांची व्हॅन.”
मग बॉनेटकडे पाहिलं.
“ही ओड्वारची ना?”

पलीकडच्या काठावर तिसरा दिवा, त्याचा.
आता त्याच्याकडे विजेची गाडी आहे, ती ओरडत नाही.
बायको वैतागलीय.
पूर्वी बोटीतून उतरून तो चढ घ्यायचा,
तो आवाज ऐकून ती बटाटे उकळायला टाकायची.
आता दारात उभा राहतो तेव्हाच कळतं. बटाटे कच्चेच.

मी केक त्याला दिला. गाडीत बसले.
वारा पडला होता, दोन किलोमीटर पाणी ताटासारखं सपाट.
न्यूट्रल. पाय खाली.
चार हजार, पाच, सहा.
धक्क्यावरचे सगळे सीगल एकदम उठले.

शक्य असेल तर मागे वळा.

वळले. आरशात तिसरा दिवा तसाच होता.
बटाटे टाकले की नाही,
दिव्यावरून कळत नाही.