रुजू दिनांक

नवा कायदा म्हणतो, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या.
बिराजदार मुनिमांनी चाळीस प्रती छापून आणल्या
मिलच्या जुन्याच लेटरहेडवर,
ज्यावर फोन नंबर अजून पाच आकडी.

नाव : केवळबाई सुरवसे
काम : तूरडाळ निवडणे
रुजू दिनांक :

मुनीम खाली वाकून म्हणतात,
यंदाचा एक एप्रिल टाका, ग्रॅच्युइटी वाचंल.
मी पेनाचं टोपण काढतो. परत लावतो.

शेवटी तिलाच विचारलं.
सूप न थांबवता म्हणाली,
"तारीख कुठली आणू, मालक?
औश्याच्या फाट्यावर तुमची फटफटी घसरली न्हवं का,
हात गळ्यात बांधून गल्ल्यावर बसलाव,
डाव्या हातानं माझा पहिला हप्ता मोजलाव.
दोन रुपये जास्तीचे आले.
वापस दिले की मी."

दोन रुपयांचं मला आठवत नाही.
हात मात्र थंडीत अजून ठणकतो,
आणि एक्स-रेचं पिवळं पाकीट
लातूरच्या धुळीखाली, कपाटाच्या माथ्यावर, तसंच आहे.
दवाखान्याचा शिक्का असेल त्यावर,
तारखेसकट.

मुनीम कॅल्क्युलेटर पुढं सरकवतात.
राहू द्या, बिराजदार.
आधी जरा स्टूल आणा.