डूगल्डची बाटली

एफीनं ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली,
"तो गेल्यापासून अशीच पडून आहे.
तू ने, नाहीतर मोरीत ओतते."

निम्मी. पेचाचं झाकण.
किमतीचा स्टिकर अर्धा खरवडलेला,
बहुधा नखानं, बहुधा बोलता बोलता.
लेबलावर एक हरीण, दमल्यासारखं.
वय लिहिलेलं नाही. गाव लिहिलेलं नाही.

एकतीस वर्षं मी आयलाच्या किनाऱ्यावर
एकाच भट्टीच्या गोदामात काढली.
मातीची जमीन, तीन थरांत रचलेली पिंपं,
भरतीच्या वेळी भिंतीला पाझर.
एक ओढा, एक भट्टी, एका जागचा सातू:
एवढंच माझं सोवळं.
ते नेसूनच मी आयुष्यभर प्यालो.

डूगल्ड दलदलीतून पीट कापायचा.
ज्या धुरावर मी मिरवायचो, तो त्याच्या फावड्याखालून यायचा.
आणि शनिवारी संध्याकाळी प्यायचा हे.
"बारा गावचं पाणी एका बाटलीत," मी म्हणायचो.
"मग बारा गावची तहान भागेल," तो म्हणायचा
आणि खुर्ची शेगडीकडे ओढायचा.

त्याच्या घरी जाताना
माझी बाटली मी कोटाच्या खिशातून न्यायचो.
बावीस वर्षं.
तो काही बोलला नाही.
ग्लास मात्र दोन धुऊन ठेवायचा,
एक माझ्यासाठी, एक त्याच्यासाठी,
आणि मधे त्याची बाटली,
माझ्या हाताला लागेल अशी.

आज बुधवार. वारा इतका की बोट सुटली नाही.
मी ती साध्या पेल्यात ओतली,
ज्यात सकाळी अंडं फेटतो त्या.
मुद्दाम.

पहिल्या घोटाला मी नाक मुरडलं.
गोड, गव्हाचं, सखल मुलखातलं,
पाहुण्यांसमोर नीट बसवलेल्या मुलासारखं.
थोडं पाणी घातलं.
शेगडीत एक ढेकूळ सरकवलं.
विसरलो.

मग धूर आला.
आमचा धूर दारातच उभा राहून आरोळी ठोकतो.
हा मागच्या दारानं आला,
चपला काढून.
भिजलेला दोर, डांबर,
खेकड्यांच्या पिंजऱ्याला येतो तो वास,
आणि जिभेच्या कडेला
मीठ.

मी पेला खाली ठेवला. परत उचलला.
चार नंबरचं गोदाम, समुद्राकडची भिंत.
शपथ घेऊन नाही सांगणार,
नाक म्हातारं झालंय, आणि रात्र अशी होती
की माणसाला हवं ते येतं वासात.
पण दर आठवड्याला एक ट्रक यायचा.
पिंपांच्या तोंडावर मी पांढऱ्या रंगानं आकडे काढायचो,
कागदावर सही करायचो,
दहांतली आठ पिंपं बोटीनं पलीकडे जायची.
कुठे, ते मी कधी विचारलं नाही.
लेकी सासरी धाडाव्यात
आणि सासरचं नावही टाकावं,
तसा वागलो.

ती तिकडे नांदत होती.
गव्हाच्या घरात, अनोळखी जावांमध्ये,
आवाज जरा खाली आणून,
पण आपल्या माहेरचं मीठ न सोडता.
आणि दर शनिवारी
डूगल्डच्या पेल्यातून हाक मारत होती,
मी समोर बसून
दुसरीकडे पीत असताना.

त्याला ठाऊक होतं का?
पीट त्यानं कापलेलं. त्याला ठाऊक असणार.
की त्याला फक्त स्वस्त पडायची?

चांगली आहे, डूगल्ड.
सर्वांत चांगली नाही. मी तेवढा सुधारलेलो नाही.
पण तिसरा घोट मी सावकाश घेतला,
आणि चौथ्यासाठी
कपाटातून नीट ग्लास काढला.

आता चार बोटं उरलीय.
शनिवारपर्यंत पुरणार नाही.
दुकानात कॅट्रिओना विचारेल,
"तुम्ही? ही? कुणासाठी?"
काय सांगायचं,
ते अजून ठरलं नाही.